होल्गात पहिला रोल: प्लास्टिकचा स्वस्त कॅमेरा निवडण्यापासून निगेटिव्ह वाचण्यापर्यंत

होल्गाची पाठ उघडायला गेलं की ती उघडत नाही, अख्खी निघून हातात येते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, संपलं, मोडला आपल्या हातून. नंतर कळलं की त्याला बिजागरी नाहीच. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन पट्ट्या आहेत, त्या सरकवल्या की मागचं झाकण सुटं होतं.

बिजागरीला पैसे पडतात म्हणून बिजागरी नाही. काचेची लेन्स महाग म्हणून लेन्स प्लास्टिकची. शटर आणि रोल पुढे सरकवायचं बटण एकमेकांना जोडायचं तर आत चार दाते जास्त लागतात, म्हणून ते जोडलेलेच नाहीत. या जातीचा कॅमेरा कळायला ‘कारखानदाराने कुठे पैसा वाचवला’ एवढंच बघावं. त्यातली काही काटकसर फोटोत सुंदर उतरते, तिला हात लावायचा नाही. काही काटकसर अख्खा रोल घालवते, तिच्यावर टेप मारायची. पुढे जे सांगतोय ते बहुतेक या दोन्हींतला फरक ओळखण्याबद्दलच आहे.

हे कॅमेरे बनवले कोणी

या घराण्यातली थोरली म्हणजे डायना. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या कौलून भागातल्या ग्रेट वॉल प्लास्टिक फॅक्टरीत ती बनू लागली. अमेरिकेत तिची खोकीच्या खोकी जायची. जत्रेतल्या खेळात बक्षीस म्हणून किंवा मालाबरोबर भेट म्हणून वाटली जायची. १२०चा म्हणजे मागे कागद असलेला रुंद रोल, त्यावर साधारण चार सेंटिमीटरचे चौकोनी १६ फोटो. मागणी येईल तसं नाव बदलायचं. त्याच धर्तीचा कॅमेरा कुठे डायना, कुठे अ‍ॅनी, कुठे बॅनर, कुठे विंडसर. आज कोणी ‘अस्सल डायना’ म्हणून दुप्पट किंमत सांगत असेल, तर तिच्या या बहिणी डोळ्यांपुढे आणाव्यात.

होल्गा १९८२ची. ली तिंग-मो यांनी ती घडवली. त्यांची युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स ही हाँगकाँगची कंपनी तोवर फ्लॅश बनवत होती. हिशेब साधा होता: चीनमध्ये १२०चा रोल सहज मिळतो, तर तिथल्या सामान्य घराला परवडेल असा १२०चा कॅमेरा काढायचा. कॅन्टनीज बोलीत ‘हो ग्वाँग’ म्हणजे लख्ख उजेड, त्यावरून नाव होल्गा. पण थोड्याच काळात चीनमध्ये ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांची लाट आली आणि तो हिशेब चुकला. होल्गाला खरं गिऱ्हाईक मिळालं ते पश्चिमेकडच्या कलाशाळांत आणि हौशी लोकांत. डेव्हिड बर्नेट या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत अल गोर यांच्या प्रचारसभेत होल्गाने काढलेल्या फोटोला पुढे बक्षीसही मिळालं. २०१५च्या अखेरीस उत्पादन थांबलं, २०१७मध्ये पुन्हा सुरू झालं.

आणि आपल्याकडे? अनेक घरांत माळ्यावर सापडतो तो आग्फा क्लिक थ्री. नाव जर्मन, पण बनलेला बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. १२०चा रोल, चौकोनी १२ फोटो. आजोबांच्या अल्बममधले पांढऱ्या कडांचे चौकोनी फोटो यातलेच असण्याची दाट शक्यता. तुमच्याकडे क्लिक थ्री असेल तर होल्गा विकत घेऊ नका, खाली सांगितलेलं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे. फक्त त्याचं शटर होल्गापेक्षा संथ आहे. त्यामुळे हात जास्त स्थिर ठेवावा लागतो आणि भर उन्हात आयएसओ १००चा रोल पुरतो (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फिल्म भागवते).

कॅमेरा निवडताना

नवीन घ्यायचा तर होल्गा १२०एन घ्या. साठ मिलिमीटरची एफ/८ प्लास्टिक लेन्स, ट्रायपॉडचं भोक आणि ‘बी’ची (दाबून धराल तितका वेळ शटर उघडं ठेवायची) सोय, एवढं पुरे. काचेच्या लेन्सचीही होल्गा येते. माझं मत विचाराल तर तिच्या वाटेला जाऊ नये. कडेचा मऊ, अंधारत गेलेला भाग नको असेल तर सरळ दुसरा कॅमेरा घ्यावा.

१२०चे रोल आणि त्यांची धुलाई खिशाला जड वाटत असेल तर कोडॅक एक्टार एच३५ बघा. नाव कोडॅकचं, पण तो बनवते हाँगकाँगचीच रेटो ही कंपनी, नावाचा परवाना घेऊन. अर्ध्या फ्रेमचा (एका फोटोच्या जागेत दोन) असल्यामुळे ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात. हात बसवायला उत्तम.

‘यूज अँड थ्रो’ फ्लॅश कॅमेरा आतून कसा असतो ते बघण्याचा मोह होतो. तो उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ तिथेच असतात.

जुना कॅमेरा घेताना दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. पाठ काढून लेन्समधून खिडकीकडे बघत शटर दाबा, उजेडाची उघडझाप दिसली पाहिजे. लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. थोडी असेल तर फोटोला फार फरक पडत नाही, पण भावात घासाघीस करायला कारण मिळतं. तिसरं, रिकामं स्पूल आत आहे ना? नवीन रोल त्याच्यावरच गुंडाळला जातो, ते नसेल तर कॅमेरा नुसता शोभेचा.

उजेडाची चोरी पकडणे

इथे घाई करू नका. रोल वाया जातात ते बहुतेक इथेच.

रात्री खोलीतले दिवे घालवा. मोबाइलच्या टॉर्चने पाठ काढलेल्या कॅमेऱ्याच्या आत उजेड पाडा आणि बाहेरून सगळ्या बाजूंनी बघा: लेन्सच्या बुडाशी, सांध्यांत, कोपऱ्यांत. उजेडाची टाचणीएवढी ठिणगी दिसली तरी ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा आणि आतल्या बाजूने काळी टेप लावा. पाठीसाठी उलटं करायचं. पाठ लावा, शटर ‘बी’वर ठेवून उघडं धरा, लेन्सला डोळा लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी सांध्यांवरून टॉर्च फिरवायला सांगा. आमच्याकडे हे काम मुलीकडे आहे. ‘बाबा, दिसलं का?’ असं ती इतक्यांदा विचारते की एखादी फट हमखास सुटते.

टेपबद्दल बोलायलाच हवं. इलेक्ट्रिकच्या दुकानातली काळी टेप स्वस्त असते, पण एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो आणि टेप हळूहळू सरकते. शिवाय ती काढली की चिकट थर मागे राहतो, तो सुट्ट्या झाकणाला लागतो आणि तिथून रोलच्या कागदालाही. शूटिंगच्या सेटवर वापरतात ती कापडी गॅफर टेप महाग आहे, पण एका बंडलात दोन-तीन वर्षं निघतात. रोल भरल्यावर दोन्ही बाजूंचे सांधे आणि पत्र्याच्या पट्ट्या तिनेच बंद करायच्या. त्या पट्ट्या कॅमेरा गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला घासून आपोआप वर सरकतात आणि भर रस्त्यात पाठ गळून पडते. होल्गा वापरणाऱ्या प्रत्येकावर एकदा तरी ही वेळ आलेली असते.

मागच्या लाल खिडकीवर टेपची छोटी झडप करा: एक टोक घट्ट चिकटवलेलं, दुसरं दुमडून पकडायला ठेवलेलं. कितवा फोटो तो आकडा बघण्यापुरती उघडायची, तीसुद्धा स्वतःच्या सावलीत.

कडेचा अंधार, मधला भाग ठीक आणि कोपरे विरघळलेले, हे मात्र दुरुस्त करू नका. एकाच भिंगाची लेन्स मधल्या भागापुरतीच नीट चित्र पाडते. त्यासाठीच तर आपण हा कॅमेरा घेतला.

कोणता रोल

आयएसओ ४००, निगेटिव्ह फिल्म. कारण सांगतो. होल्गाचं शटर साधारण १/१०० सेकंदाचं आणि उजेड आत घेणारं छिद्र, नावाला एफ/८ असलं तरी, धरून चालू एफ/१३च्या आसपास (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). दोन्ही जवळजवळ ठाम. (जुन्या होल्गावर ऊन-ढगाचा खटका आहे, पण तो सरकवून छिद्रात फरकच पडत नाही.) कडक उन्हात आयएसओ ४००ला एफ/१६ आणि १/४०० पुरतं. म्हणजे आपण अडीच स्टॉप जास्त उजेड देतोय (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ढगाळ दिवशी हीच मापं जवळपास बरोबर बसतात, झाडाच्या मोकळ्या सावलीत किंचित कमी पडतात. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पचवते, कमी उजेड तिला सोसत नाही. म्हणून ४००चा रोल उन्हापासून सावलीपर्यंत निभावून नेतो. १००चा रोल ढग आले की हात टेकतो. स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही चालत नाही, ती इथे नको.

कृष्णधवलात इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. फोमापॅन ४०० स्वस्तात बसते. रंगीतमध्ये पोर्ट्रा ४०० भाव खाते. भर उन्हातच फिरणार असाल तर कोडॅक गोल्ड २०० बघा.

रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्या काढल्या फोडू नका. पाकीट बंद ठेवूनच दोन-तीन तास बाहेर राहू द्या. कोकणात, पावसाळ्यात थंड फिल्मवर लगेच दव धरतं. विमानतळावर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हातानेच तपासण्याची विनंती करा. सीटी पद्धतीच्या नव्या यंत्रांतून आणि चेक-इन सामानातून तो जाता कामा नये.

रोल भरणे

सावलीत बसा, मांडीवर पंचा घ्या. पाठ काढा. गुंडाळायचं बटण ज्या बाजूला आहे तिथे रिकामं स्पूल, समोरच्या बाजूला नवा रोल. कागदी पट्टी फाडा. इथून पुढे रोलवर अंगठ्याचा दाब कायम हवा, तो सैल पडला की कडेने उजेड शिरतो.

कागदाची छापील बाजू तुमच्याकडे, काळी बाजू लेन्सकडे. टोक ओढून रिकाम्या स्पूलच्या खाचेत घाला आणि बटण बाणाच्या दिशेने दोन वेढे फिरवा. कागद सरळ जातोय का ते इथेच बघून घ्या. तिरका गेला तर पुढे एका कडेला गोळा होतो आणि बाराव्या फोटोपर्यंत स्पूलवर मावत नाही.

पाठ लावण्याआधी दोन्ही स्पूलखाली स्पंजचे तुकडे आहेत का बघा. नसतील किंवा दबून गेले असतील तर रोलच्याच खोक्याचा पुठ्ठा दुमडून खाली सारा. याने रोल ताठ गुंडाळला जातो. हे केलं नाही की शेवटी निघतो तो फुगलेला रोल, सैल सुटलेल्या पगडीसारखा, आणि कडा उजेडाने खाल्लेल्या.

आता खिडकीजवळचा बाण. चौकोनी फोटो काढायचे तर बाण १२वर हवा. तो चुकून १६वर राहिला तर फोटो एकमेकांवर चढतात. पाठ लावा, टेप मारा, बटण फिरवत राहा. खिडकीत आधी ठिपके किंवा बाण येतात, मग १. काही रोलवर आकडे इतके फिके असतात की दिसतच नाहीत. खिडकीवर थेट ऊन येऊ न देता कॅमेरा तिरका धरून बघा आणि अगदी सावकाश फिरवा, कारण मागे नेता येत नाही.

फोटो काढणे

लेन्सचं झाकण काढा. हसू नका. व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा आहे, झाकण असलं तरी त्यातून सगळं झकास दिसतं. मी झाकण घरीच ठेवतो.

मग लेन्सच्या बुडाशी असलेला ‘एन’ आणि ‘बी’चा खटका बघा. ‘एन’ म्हणजे नेहमीचं शटर. ‘बी’वर तुम्ही दाबून धराल तितका वेळ शटर उघडं राहतं. पिशवीत घासून हा खटका फिरतो. हरिहरेश्वरला काढलेला माझा एक अख्खा रोल ‘बी’वर गेला. समुद्र, खडक, बायको, सगळं दुधात भिजवल्यासारखं. तेव्हापासून ‘एन’वर टेपचा तुकडा लावलेला असतो.

फोकसला लेन्सवर चार चित्रं आहेत: एक माणूस म्हणजे साधारण १ मीटर, तिघं म्हणजे २ मीटर, घोळका ६ मीटर, डोंगर १० मीटर आणि पुढे. आपली जुनी मापं इथे फार कामाला येतात. दोन्ही हात पसरून होणारी एक वाव म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. समोरचा माणूस एका वावेवर असेल तर तिघांचं चित्र. सहा मीटर म्हणजे मोठ्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लांबच्या वस्तूला अंदाज थोडा चुकला तरी निभावतं, एक आणि दोन मीटरमधला गोंधळ मात्र दिसतो. बहुतेक जण कॅमेरा डोंगरावर ठेवून विसरतात आणि मग माणसं अंधूक आली म्हणून लेन्सला नावं ठेवतात.

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं त्यापेक्षा फिल्मवर थोडं जास्त येतं. तेव्हा मनात बसलेली चौकट धरून एक पाऊल पुढे जा. अगदी जवळून काढताना विषय जरा मधोमध घ्या, कारण व्ह्यूफाइंडर आणि लेन्स एका जागी नाहीत.

खटका झटक्याने दाबू नका. डाव्या तळहातावर कॅमेरा पेला, कोपर छातीला टेकवा, श्वास सोडत दाबा. घरात, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा संध्याकाळी १/१००ने काही येणार नाही. तिथे ‘बी’ आणि ट्रायपॉड. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर कॅमेरा ठेवा, त्याच्याखाली रुमाल. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीन सेकंद मोजून बघा, पुढचे आकडे स्वतःच्या रोलवरून वहीत लिहा.

शटर आणि गुंडाळणं जोडलेलं नसल्यामुळे एकाच फ्रेमवर कितीही वेळा फोटो काढता येतो. हे वरदान आणि शाप एकदमच. मुद्दाम करायचं असेल तर आधी गडद, उन्हाविरुद्ध उभी आकृती घ्या, मग तिच्यावर पानं किंवा भिंतीचा पोत. गडद भागातच दुसरं चित्र उमटतं. चुकून होऊ नये म्हणून एकच सवय लावा: काढला की लगेच फिरवायचा. ‘पुढचा काढताना फिरवू’ म्हणणारे हमखास विसरतात.

रोल काढणे आणि धुणे

बारावा झाला की कागद पूर्ण सुटेपर्यंत फिरवत राहा, बटण हलकं लागतं. सावलीत पाठ काढा, रोल घट्ट धरूनच उचला, टोक खाली दुमडा आणि पट्टीचा गोंद ओला करून चिकटवा. लगेच काळ्या डबीत किंवा फॉइलमध्ये. दुसऱ्या बाजूचं रिकामं झालेलं स्पूल आत्ताच बटणाच्या बाजूला लावून ठेवा.

रंगीत रोल लॅबमध्ये द्या. देण्याआधी ‘१२० धुता का?’ हे विचारा, अनेक ठिकाणी फक्त ३५ मिलिमीटर होतो. आणि पाकिटावर ठळक लिहा: ‘निगेटिव्ह कापू नयेत.’ होल्गात दोन फोटोंमधलं अंतर कमी-जास्त असतं. एका लॅबने माझा रोल मशीनच्या मापाने कापला आणि तीन फोटोंचे मधोमध दोन-दोन तुकडे करून दिले, वर धुलाईचे पूर्ण पैसे.

कृष्णधवल रोल मात्र घरीच धुवा. डेव्हलपिंग टँक, अंधाऱ्या खोलीऐवजी चेंजिंग बॅग, थर्मामीटर, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं). बॅगेत हात घालून कागदापासून फिल्म सोडवा, शेवटी चिकटपट्टी लागेल ती हळूच काढा किंवा दुमडा, आणि फिल्म टँकच्या रिळावर चढवा. हा एकच भाग अवघड आहे, वाया गेलेल्या रोलवर आधी डोळे मिटून सराव करा. एचपी५ प्लस आयएसओ ४००ला, पाणी न मिसळलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये, २० अंशांना साडेसात मिनिटं. दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटासुलटा करायचा. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० अंशांवर असतं, तेव्हा डेव्हलपरचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी २०वर आणा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. मग साधं पाणी किंवा स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर त्याच्या बाटलीवर लिहिल्याइतका वेळ आणि भरपूर धुणं. वाळत घालायला बाथरूम उत्तम: आधी गरम पाणी सोडून वाफ करा, धूळ खाली बसते, मग चिमट्याने फिल्म टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला.

निगेटिव्ह वाचणे

वाळली की फिल्म खिडकीसमोर धरा. कडेकडून आत शिरणारे काळे पट्टे म्हणजे रोल सैल गुंडाळला गेला किंवा पाठीचा सांधा गळतोय. गळती असेल तर पट्टा अनेक फोटोंत साधारण त्याच जागी येतो. एखाद्या फोटोवर काळा गोल डाग म्हणजे लाल खिडकी उघडी राहिली. रंगीत रोलवर तो प्रिंटमध्ये तांबूस दिसतो. सगळेच फोटो काळेकुट्ट आणि हललेले असतील तर ‘बी’चा खटका. फोटो एकमेकांवर चढले असतील तर खिडकीचा बाण.

आणि फिल्म पूर्ण कोरी, पारदर्शक निघाली तर आधी कडेला बघा. तिथे कंपनीचं नाव आणि आकडे स्पष्ट उमटलेले असतील तर तुमची धुलाई बरोबर आहे, उजेडच आत गेला नाही: झाकण किंवा शटर. कडाही कोऱ्या असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. बहुधा डेव्हलपर मेलेला होता, किंवा फिक्सरची बाटली आधी ओतली गेली.